खरी नक्कल

विरोधाभास अलंकाराचं उदाहरण शोधण्यासाठी शाळामास्तरांना मोठमोठ्या कवींचे उंबरे झिजवावे लागतात. वास्तविक तहसील कचेरीपर्यंत गेलं तरी काम भागतं. तिथे एक शिक्का असतो आणि त्यावर दोनच शब्द असतात : 'खरी नक्कल'. जी खरी नसते तिला आपण नक्कल म्हणतो, आणि ही तर खरी! उद्या कुणी 'शाकाहारी वाघ' किंवा 'मितभाषी पुढारी' म्हणालं तर आपण पोट धरून हसू. पण 'खरी नक्कल' या शब्दांना परभणी जिल्ह्यात आजवर कुणी हसल्याचं ऐकिवात नाही. कारण उघड आहे. त्या शिक्क्यासाठी माणसाने निदान दोन हेलपाटे घातलेले असतात, आणि ज्या गोष्टीसाठी हेलपाटे घातले तिला हसायचं नसतं, असा आमच्याकडचा रिवाज आहे. (लग्नालाही हाच नियम लागू आहे.)

मी बँकेतला कारकून. शिक्षण बी. कॉम. त्यामुळे 'जमा' आणि 'नावे' यांच्या पलीकडे तत्त्वज्ञानाशी माझा फारसा संबंध आलेला नाही. पण काउंटरच्या अलीकडे बसून वीस वर्षं लोकांचे कागद उलटेपालटे करताना एक प्रश्न मात्र माझ्या मागे लागला आहे. कागदाचं रूप बदललं तर कागद तोच राहतो का? आणि नक्कल खरी आहे असं नेमकं केव्हा म्हणावं?

हा प्रश्न फार जुना आहे, असं आमच्या शाखेतले एक वाचणारे गृहस्थ सांगतात. मिलिंद नावाचा ग्रीक राजा भिक्खू नागसेनांकडे रथात बसून आला. नागसेनांनी त्याला विचारलं, रथ म्हणजे काय? चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला 'नाही' म्हणत गेला आणि शेवटी रथ कुठे उरलाच नाही. हे सगळं एकत्र आलं की त्याला आपण रथ हे नाव देतो, इतकंच. डॉ. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला जे कॉलेज काढलं त्याला पुढे याच मिलिंदाचं नाव मिळालं, आणि परिसर नागसेनवन. म्हणजे हा प्रश्न मराठवाड्यात रीतसर दाखल झालेला आहे. मी नागसेनांच्या पायाशी बसण्याच्या लायकीचा नाही. पण रथाच्या जागी सातबारा ठेवून पाहिला तर मला तो प्रश्न जास्त कळतो. सातबारा म्हणजे तो कागद का? त्यावरचे रकाने का? अक्षरं का? सही का? की त्या सगळ्यामागे असलेली काळी जमीन?

'जगात जर्मनी आणि भारतात परभणी' अशी एक म्हण आमच्याकडे आहे. जर्मनीचं मला माहीत नाही. पण कागदाला जितके जन्म घेताना परभणीने पाहिलं तितके इतरांनी क्वचितच पाहिले असतील. १९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात. दरबारी कारभार उर्दूत, सावकाराची वही मोडीत, आणि देवघरातली पोथी बाळबोधीत. एकाच घरात तीन लिप्या नांदत होत्या आणि भांडणं मात्र सगळी मराठीत होत होती. साल लिहायचं ते फसली. फसली १३५७ म्हणजे साधारण १९४७-४८. हा हिशेब ठाऊक नसलेल्या एका तरुण अधिकाऱ्याने एका खातेदाराचा जुना कागद पाहिला आणि तो थेट बहमनी काळात गेला. "एवढा जुना दस्तऐवज तुमच्याकडे कसा? हा तर म्यूझियमला द्यायला हवा," असं तो म्हणाला. खातेदार म्हणाला, "द्या की. पण आधी कर्ज द्या."

मग १९५६ साली आम्ही मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्रात. उर्दू कागद मराठीत आले. हाली सिक्का जाऊन कलदार आला. सात हाली रुपयांना सहा कलदार, असा भाव होता. माझे आजोबा शेवटपर्यंत म्हणत, "सातातला एक रुपया सरकारनं खाल्ला." त्यांना कितीही समजावलं, की किंमत तीच, आकडा तेवढा बदलला, तरी ते ऐकत नसत. आज विचार करताना वाटतं, त्या व्यवहारात एक सचोटी होती. सातांचे सहा होणार हे सगळ्यांना आधी सांगितलेलं होतं. आजोबा चिडले, पण फसले नाहीत. पुढे एकराचे हेक्टर झाले आणि गुंठ्याचे आर. व्यवहारात आपण बिनदिक्कत एक गुंठा म्हणजे एक आर धरतो. पण नीट हिशेब केला तर एका एकराचे चाळीस आर होऊन वर सत्तेचाळीस चौरस मीटर उरतात. म्हणजे पाचशे चौरस फूट. पुण्यामुंबईत तेवढ्यात माणसं संसार करतात आणि आम्ही ते नुसतं बोलण्यात सांडून टाकतो!

बँकाही यातून सुटल्या नाहीत. निजामाच्या राज्यात १९४१ साली निघालेली हैदराबाद स्टेट बँक १९५६ साली स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झाली. पासबुकं बदलली, पाट्या बदलल्या. म्हातारी माणसं अजूनही 'हैदराबाद बँकेत जाऊन येतो' म्हणूनच घराबाहेर पडतात आणि बरोबर ठिकाणी पोचतात. ठेवीचं म्हणाल तर ती बिचारी तीच राहिली. नागसेनांना हे उदाहरण आवडलं असतं.

हे सगळे जन्म माणसांच्या हातून झाले. आता जो जन्म चालू आहे तो यंत्राच्या हातून होतो, आणि माझ्या प्रश्नाची खरी मेख तिथेच आहे.

आमच्या शाखेसमोर एक झेरॉक्सचं दुकान आहे. तिथला पोरगा जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देतो. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. संगणकावर मराठी आली ती सुरुवातीला सोंग घेऊन आली. वरून दिसायला सुरेख मराठी अक्षर, आणि पोटात इंग्रजी कळांचे आकडे. नाटकातल्या राजासारखं. मुकुट उतरवला की खाली वाण्याचा दुकानदार! तो फॉन्ट ज्या संगणकावर नाही तिथे अर्ज उघडला की 'मा. शाखाधिकारी साहेब' यांच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसायची. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला, स्वतःचं घर मिळालं. ही फार मोठी गोष्ट झाली, यात वादच नाही. मात्र जुन्या चाळीतून नव्या घरात सामान हलवायला टेंपो लागतो, तसा इथे कन्व्हर्टर लागतो. आणि सामान हलवताना काय होतं हे ज्याने एकदा तरी घर बदललं आहे त्याला सांगायला नको.

तो कन्व्हर्टर बरीच वर्षं सुरळीत चालला होता. एके दिवशी त्याची नवी आवृत्ती आली. 'काही सुधारणा आणि किरकोळ बदल' असं तिच्यावर लिहिलेलं होतं. 'किरकोळ बदल' हे शब्द दिसले की मला धडकी भरते. आमच्याकडे बदलीचा हुकूमही 'प्रशासकीय सोयीसाठी' असतो. पूर्वी त्यातून दुरुस्त करता येण्याजोगी फाईल निघायची, रकान्यांसकट. आता नुसता सलग मजकूर निघू लागला. नाव, गट क्रमांक, रक्कम, सगळं एका ओळीत, जत्रेतल्या गर्दीसारखं. कुणाचा आकडा कुणाच्या नावापुढे, ते ज्याने त्याने ओळखायचं.

"अरे, आधी रकाने निघत होते ना?"

"काका, व्हर्जन बदललं."

"मग जुनंच वापर."

"जुनं आता उघडतच नाही. नवंच चांगलं म्हणतेत ते."

"कोण म्हणतं?"

"तेच. नवं काढणारे."

पण रकान्यांचं निदान दिसत तरी होतं. खरी गंमत पुढे झाली. गंगाखेडच्या बाजूच्या, गोदाकाठच्या एका शेतकऱ्याचा अर्ज होता. पुराने माती वाहून गेली, शेतात दऱ्या पडल्या, कर्जाचे हप्ते पुढे ढकलावेत, असा साधा सरळ मजकूर. कन्व्हर्टरमधून बाहेर आला तेव्हा 'शेतात दर्या पडल्या' असा होऊन आला. वरच्या एका कार्यालयातून शेरा आला : 'दर्या म्हणजे समुद्र. सदर क्षेत्र समुद्रकिनारी येते काय, याचा खुलासा व्हावा.' परभणीपासून समुद्र साधारण चारशे किलोमीटर. तो शेतात येऊन पडला असता तर बातमी आमच्या आधी साऱ्या जगाला कळली असती. त्याच सुमारास एका मंगल कार्यालयाच्या हिशेबात 'आचाऱ्यांना दिले' या रकमेचं 'आचार्यांना दिले' असं झालं. परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, त्यामुळे गावात आचार्य पदवीवाल्यांना तोटा नाही. पण लग्नात जिलबी तळायला त्यांना बोलावतात हे नवीनच कळलं.

हे कसं झालं ते मी त्या पोराकडून समजून घेतलं, आणि तेव्हापासून माझी झोप थोडी कमी झाली आहे. 'दऱ्या'मधला तो अर्धा र, पापणीच्या केसासारखा डावीकडे लोंबणारा, संगणकात दोन प्रकारांनी लिहितात. त्यातल्या एका प्रकारात र आणि य यांच्यामध्ये, पाय मोडल्यानंतर, एक न दिसणारं चिन्ह घालावं लागतं. त्याची रुंदी शून्य. पडद्यावर दिसत नाही, कागदावर छापलं जात नाही, जागा खात नाही. नव्या कन्व्हर्टरने साफसफाई करताना जे जे दिसत नाही ते ते निरुपयोगी समजून काढून टाकलं. लगेच 'र' उडी मारून 'य'च्या डोक्यावर बसला आणि दऱ्यांचा दर्या झाला. ज्याला रुंदी नाही, वजन नाही, ज्याचा कुणाला पत्ता नाही, असं एक चिन्ह गेलं आणि अर्थ बदलला. आमच्या प्रत्येक कचेरीत असा एक माणूस असतो. तो निवृत्त झाल्यावर कळतं, की सगळा कारभार त्याने जोडून धरला होता.

खुलासा गेला, खुलाशावर शेरा आला, शेऱ्याला उत्तर गेलं. या पत्रव्यवहारात दोन महिने गेले आणि पेरणीचे दिवसही त्याच्याबरोबर गेले. इथपर्यंत मी हसत होतो. त्या शेतकऱ्याला मात्र हसण्याचं कारण नव्हतं. त्याने तर 'दऱ्या'च लिहिलं होतं.

'ळ'चं दुखणं वेगळंच. समजा, तुमचं नाव बळीराम. मराठीत तुम्ही सुखात आहात. पण नाव एकदा इंग्रजीत गेलं, की 'ळ'ला तिथे जागा नाही. तो मुकाट्याने 'ल' होऊन राहतो. इंग्रजीतून यंत्राने ते नाव पुन्हा मराठीत आणलं की तुम्ही बलिराम झालेले असता. सातबाऱ्यावर बळीराम, आधारवर बलिराम, आणि यंत्राच्या मते हे दोघे वेगळे गृहस्थ. मग 'दोन्ही नावे एकाच इसमाची असून तो इसम मीच आहे' असं प्रतिज्ञापत्र करायचं. वरकरणी दोन दिसले तरी मुळात एकच, हे अद्वैत सिद्ध करायला आचार्यांना भाष्यं लिहावी लागली. आमचा नोटरी तेच एका पानात सिद्ध करून देतो.

आता कुणी म्हणेल, हा कारकून जुन्या वळणाचा, याला नवं काही सोसत नाही. तसं नाही हो. रूप बदलायलाच हवं. जो कागद कुणाला वाचता येत नाही तो झाकण घातलेल्या आडासारखा. आत पाणी आहे, पण प्यायचं कसं? २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी, कुणबी नोंदी शोधायला, मराठवाड्यातल्या कचेऱ्यांनी जुनी दप्तरं बाहेर काढली, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्या म्हाताऱ्यांना एकाएकी जावयाचा मान आला. एरवी त्यांना घरात चहासुद्धा दुसऱ्यांदा कुणी विचारत नव्हतं. तेव्हा रूपांतर हवंच. आणि २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला, ही सोय तलाठ्याच्या शोधात ज्याने उन्हातान्हात गावं पालथी घातली आहेत त्याने नावाजलीच पाहिजे. मीही नावाजतो.

माझं म्हणणं एवढंच आहे, की रूपांतरात काहीतरी गळणारच. गहू चाळले की चार दाणे खाली पडतात. प्रश्न आहे तो पडलेल्या दाण्यांची खूण ठेवण्याचा.

या बाबतीत माझे गुरू म्हणजे कोर्टाबाहेर लिंबाच्या झाडाखाली बसणारे जुने टंकलेखक. मराठी टाइपरायटर, त्यावर फडकं, आणि शेजारी पाण्याची बाटली. दस्ताची नक्कल टंकताना ते सहीपाशी यायचे तेव्हा त्यांच्यापुढे अडचण उभी राहायची. सही काही टंकता येत नाही. मग ते काय करायचे? ते लिहायचे, 'सही/-'. किती छोटी गोष्ट! पण तिचा अर्थ पाहा. इथे मुळात एक सही होती, ती मला उतरवता आली नाही, पण ती होती हे मी सांगून ठेवतो. अंगठा असेल तर 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा'. शिक्का असेल तर कंसात 'गोल शिक्का'. जिथे अक्षर लागत नाही तिथे 'अक्षर लागत नाही'. जे आपल्याला जमलं नाही ते त्याच कागदावर कबूल करायचं, हा त्यांचा धर्म होता. चार पानांची नक्कल आणि पाच-सहा ठिकाणी कबुली. ती नक्कल खरी ठरायची ती या कबुलीमुळे, असं मला आता वाटतं. शिक्का नंतर यायचा.

यंत्र हुशार आहे, वेगवान आहे, पण 'अक्षर लागत नाही' असं म्हणायला त्याला कुणी शिकवलेलं नाही. त्याला लागलं नाही तर ते दुसरं काहीतरी लावून मोकळं होतं, आणि तेही इतक्या टापटिपीने की बघणाऱ्याला शंका येऊ नये. यात यंत्राला तरी काय बोल लावायचा? काय दिसत नाही म्हणून टाकायचं हे ठरवणारा माणूसच असतो. फक्त तो दऱ्या पडलेल्या शेतापासून फार लांब बसलेला असतो, आणि त्याच्या लेखी तो बदल किरकोळ असतो. बदल किरकोळ की मोठा हे कुणी ठरवायचं? ज्याने केला त्याने, की ज्याच्या कागदावर झाला त्याने? माझ्या मते नीतीचा सगळा प्रश्न या एका वाक्यात मावतो; पण मी बी. कॉम. असल्यामुळे माझं मत कुणी विचारत नाही.

२०२० साली सातबाऱ्याचा नमुना बदलला. वर शासनाचा लोगो आला, गावाचा कोड आला, लागवडीचं आणि पोटखराब्याचं क्षेत्र वेगवेगळं दिसू लागलं. आणखी एक बदल झाला. मयत खातेदाराचं नाव पूर्वी नुसतं कंसात दाखवत, आता त्यावर आडवी रेषही आली. असा नवा उतारा घेऊन पाथरीकडचे एक म्हातारे पीककर्जासाठी आमच्याकडे आले होते. कागद माझ्यापुढे सरकवून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं.

"सायेब, ही रेघ कामून मारली?"

"मामा, तुमचे थोरले भाऊ वारले ना. म्हणून."

"वारला ते मला ठावं हाय. मीच खांदा दिला. पर मागल्या कागदावर त्यो कंसात व्हता. कंसात म्हंजी कसं, घरात असल्यावानी वाटत व्हतं. दार लावून बसलाय म्हनावं."

माझ्याजवळ याला उत्तर नव्हतं. फॉर्मच्या तेरा पानांतही नव्हतं. मी गप्प बसलो. मामांनी चष्मा पुसला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि ओठ हलवत ते नाव अक्षर अक्षर वाचलं.

"रेघंतून वाचाया येतंय की," ते म्हणाले. "मंग ऱ्हाऊ द्या. खोडलं तरी चालंल, पुसलं नाई ना!"

खोडणं आणि पुसणं यांतला फरक मला तोवर कुणी इतका स्वच्छ सांगितला नव्हता. खोडलेल्या नावाला निदान सांगता येतं, की मी इथे होतो. पुसलेल्याला कोण विचारतो? मामांचं कर्ज मंजूर झालं, हेही सांगून टाकतो. नाहीतर वाचक उगीच काळजी करत बसतील.

तेव्हा कागदाचं रूप बदलणाऱ्या सर्वांना, मग ते तलाठी असोत, टंकलेखक असोत की संगणकाचे कर्तेधर्ते असोत, माझी हात जोडून विनंती आहे. बदला, खुशाल बदला. रकाने वाढवा, लोगो लावा, पीडीएफ करा, उद्या आणखी काही निघेल त्यात घाला. पण सातांचे सहा करणार असाल तर भाव आधी फळ्यावर लिहा. जे उतरलं नाही त्याच्या जागी एक बारीकशी खूण ठेवा. आणि जे दिसत नाही ते टाकण्यापूर्वी एकदा विचारा, बाबा रे, तू इथे कशाला बसला आहेस?

हा मजकूर मी हाताने लिहिला आहे. छापताना माझं अक्षर गळेल, आणि ज्यांनी ते पाहिलं आहे त्यांच्या मते ते गळावं हेच वाचकांच्या हिताचं आहे. माझी तक्रार नाही. फक्त नियम तो नियम, म्हणून शेवटी एवढं जरूर छापावं :

सही/-